गावच्या कामासाठी संगणक : वेग पाहावा की टिकाऊपणा?

बैलाच्या बाजारात गेलेला शेतकरी केवळ रूप पाहून पैसे मोजीत नाही. तो दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो आणि मगच सौदा करतो. वर्धा जिल्ह्यातील गवळाऊ जनावरे चपळ चालीसाठी नावाजलेली आहेत. ज्याला केवळ भरपूर दूध हवे आहे तो गोपालक त्यांच्याकडे वळत नाही. काम आधी ठरते, जनावर मागून. पाण्याचा पंप घेतानाही शेतकरी प्रथम हेच विचारतो की, बिघडल्यास दुरुस्त करणारा कारागीर हिंगणघाटास किंवा पुलगावास आहे काय आणि सुटे भाग कोठे मिळतात? परंतु संगणक घेण्याची वेळ आली की हीच चौकस मंडळी दुकानदाराच्या तोंडाकडे पाहू लागतात, आणि तो सांगेल तो संगणक, तो सांगेल त्या किमतीस घेऊन येतात. ही रीत सोडून देणे आता अगत्याचे झाले आहे.

संगणक ही आज गावात चैनीची वस्तू राहिलेली नाही. ग्रामपंचायतीचे दाखले, शेतकरी उत्पादक कंपनीचे हिशेब, बचत गटांच्या नोंदी, हमीभावाने होणाऱ्या खरेदीची नोंदणी ही सर्व कामे संगणकावर आली आहेत. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाचा प्रकल्प केंद्र शासनाने २०२२ साली मंजूर केला. महाडीबीटी संकेतस्थळावरील कृषी योजनांसाठी पूर्वी सोडत निघत असे; २०२५ पासून अर्ज करण्याच्या क्रमाने लाभ देण्याचे धोरण आले. याचा अर्थ शेतकरी बंधूंनी नीट ध्यानात घ्यावा. सोडतीच्या काळी संगणक दोन दिवस बंद राहिला तरी फारसे बिघडत नव्हते. आता गटाचा संगणक दोन दिवस बंद राहिला तर गटातील सभासदांचे अर्ज तितके मागे पडतात. शिवाय संगणकासाठी जो पैसा जातो तो सभासदांच्या भागभांडवलाचा असतो. म्हणून कोणता संगणक घ्यावा, हा प्रश्न दुकानाचा नसून गावाच्या कारभाराचा आहे.

वर्ध्याच्या परिचयाची एक कसोटी

यंत्राची पारख कशी करावी याचा एक उत्तम धडा वर्धेकरांच्या परिचयाच्या संस्थेनेच घालून दिलेला आहे. ज्या अखिल भारतीय चरखा संघाचा कारभार पुढे सेवाग्रामहून चालला, त्या संघाने १९२९ साली सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले होते. त्याच्या अटींमध्ये कताईच्या वेगाची अट होती, परंतु तेवढीच नव्हती. यंत्राची किंमत दीडशे रुपयांहून अधिक असू नये; साध्या झोपडीत ते चालविता यावे; वेळोवेळी निगा राखल्यास ते किमान वीस वर्षे चालावे; आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक होऊ नये, अशा त्या अटी होत्या. ते पारितोषिक अखेर कोणासच मिळाले नाही. तथापि अटी तयार करणाऱ्यांनी खरेदीची किंमत, आयुष्य आणि दुरुस्ती या तीन गोष्टी एकत्र तोलल्या होत्या, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

संगणक वीस वर्षे चालेल अशी अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पाच ते आठ वर्षे त्याने नीट काम दिले म्हणजे पुष्कळ झाले. परंतु चरखा संघाचे तीन प्रश्न मात्र आजही जसेच्या तसे विचारता येतात : हे यंत्र आपल्याच जागेत, आपल्याच विजेवर चालेल काय? किती वर्षे चालेल? आणि दर वर्षी त्याच्या दुरुस्तीस किती पैसे लागतील? संगणकाच्या वेगाविषयीचे आकडे या तीन प्रश्नांनंतर यावेत.

प्रथम काम लिहून काढावे

काम न पाहता यंत्र घेतल्यास काय होते, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतलेला आहे. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील वारणा परिसरात १९९८ साली सत्तर गावांत संगणक बसविण्याचा प्रकल्प सुरू झाला. ऊसतोडीचे परवाने, उसाचे वजन, खताची उचल अशा नोंदी गावातच व्हाव्यात हा त्याचा हेतू होता आणि तो स्तुत्य होता. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी त्यांपैकी सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाच्या जागी साधा मोबाईल ठेवला आणि त्याच नोंदी लघुसंदेशाने होऊ लागल्या. संगणकावर जे काम होत होते ते सर्व मोबाईलवर झाले. खर्च कमी आला, सोय वाढली आणि शेतकऱ्यांनाही तीच पद्धत अधिक पसंत पडली.

यावरून संगणक निरुपयोगी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. निष्कर्ष इतकाच की, जे काम लहान यंत्राने होते त्यासाठी मोठे यंत्र घेऊ नये. महाराष्ट्रात २०२१ पासून पिकाची पाहणी मोबाईलवरील ई-पीक पाहणीने नोंदविली जाते. भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामासाठी कापूस उत्पादकांची नोंदणी 'कपास किसान' या मोबाईल ॲपवर घेतली. ज्या कुटुंबाचे काम एवढेच आहे त्याने स्वतंत्र संगणकासाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. मात्र शंभर सभासदांची यादी ठेवणे, जमाखर्च लिहिणे, पत्रे तयार करणे, त्यांच्या छापील प्रती काढणे आणि डिजिटल स्वाक्षरी करणे ही कामे मोबाईलच्या लहान पडद्यावर नीट होत नाहीत. तेथे मोठा पडदा व कळफलक पाहिजेच. टॅबलेटचेही असेच आहे. फोटो घेण्यास व माहिती दाखविण्यास तो चांगला, पण हिशेबाच्या वहीची जागा तो घेऊ शकत नाही.

म्हणून गटाने दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर कामांची यादी करावी. कोणते काम, कोण करणार, कोठे बसून करणार आणि रोज किती तास, एवढे चार स्तंभ पुरेत. ही यादी झाली म्हणजे निम्मी निवड आपोआप होते.

एका जागी बसणारा आणि फिरणारा

संगणकाचे मुख्य प्रकार दोन : मेजावर कायम राहणारा डेस्कटॉप आणि उचलून नेता येणारा लॅपटॉप. डेस्कटॉपचा पडदा, कळफलक, माऊस, वीजपुरवठा करणारा भाग आणि साठवणीचा भाग हे सारे वेगवेगळे असतात. बैलगाडीचा आरा मोडला तर आरा बदलतो, गाडी बदलावी लागत नाही. तसाच हा प्रकार आहे. कळफलक बिघडला तर नवा आणून दहा मिनिटांत काम सुरू होते. वीजपुरवठ्याचा भाग जळाला तर वर्धा किंवा हिंगणघाट येथील कारागीर तो बहुधा त्याच दिवशी बदलून देतो.

लॅपटॉपमध्ये हेच सर्व भाग एका पातळ पेटीत दाटीने बसविलेले असतात. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये स्मृतीचा भाग, म्हणजे रॅम, मुख्य पट्टीवर कायमची जोडलेली असते. ती पुढे वाढविता येत नाही. मुख्य पट्टी बिघडली तर दुरुस्तीचा खर्च पुष्कळदा नव्या यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो. सुटे भाग त्या विशिष्ट नमुन्याचेच लागतात आणि त्यासाठी ७५ किलोमीटरवरील नागपुरास पेटी पाठवावी लागली तर आठवडा सहज जातो.

लॅपटॉपच्या बाजूने एक मुद्दा नेहमी मांडला जातो आणि तो खोटा नाही. वीज गेली तरी तो स्वतःच्या बॅटरीवर चालत राहतो व विजेचा खर्चही कमी करतो. परंतु ही बॅटरी उन्हाळ्याच्या उष्णतेने व सतत पूर्ण भरलेली राहिल्याने लवकर क्षीण होते. डेस्कटॉपला एक लहान यू.पी.एस. जोडला म्हणजे हातातले काम जतन करून यंत्र व्यवस्थित बंद करण्यापुरता अवधी मिळतो. जेथे वीज तासन्‌तास जाते तेथे मात्र इन्व्हर्टर पाहिजे. त्याचा खर्च हिशेबात धरल्यावर लॅपटॉप स्वस्त ठरतो काय, हे तेथील मंडळींनी पाहावे.

ज्याचे काम फिरतीचे आहे त्याला लॅपटॉपच योग्य होय. कृषी सहायकांनी २०२५ साली आपल्या मागण्या मांडल्या तेव्हा त्यांत लॅपटॉपचीही मागणी होती, आणि शिवारोशिवार फिरणाऱ्या कार्यकर्त्याच्या दृष्टीने ती रास्तच होती. पण सोसायटीच्या कार्यालयात खिळल्यासारखा एका मेजावर राहणारा संगणक लॅपटॉप असण्याचे प्रयोजन नाही. जी वस्तू सहज उचलता येते ती पदाधिकाऱ्याच्या घरीही सहज जाते आणि मग गटाच्या नोंदी सभासदांना पाहिजे तेव्हा मिळत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

याखेरीज दोन प्रकार बाजारात दाखविले जातात. पडद्याच्या पाठीमागेच सर्व भाग बसविलेला 'ऑल-इन-वन' संगणक दिसण्यास नेटका असतो, पण त्यात लॅपटॉपच्या दुरुस्तीची अडचण आहे आणि लॅपटॉपची बॅटरी नाही. दुसरा 'मिनी पीसी', म्हणजे लहान डब्याएवढा संगणक. याला वीज फार थोडी लागते, त्यामुळे जेथे सौर विजेवर काम चालते तेथे त्याचा अवश्य विचार करावा. मात्र त्याचे भाग बदलून देणारा कारागीर जवळ आहे काय, हे आधी विचारून घ्यावे.

ऊन, धूळ आणि वीज

संगणक बनविणाऱ्या अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकांत यंत्र चालविण्याच्या जागेचे कमाल तापमान ३५ अंश सेल्सिअस असे दिलेले असते. वर्ध्याच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. टिनाच्या छपराखाली, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेला संगणक काय सोसतो याची कल्पना यावरून करावी. उत्तर किंवा पूर्व बाजूची खोली, भिंतीपासून वीतभर अंतर आणि डोक्यावर पंखा एवढी व्यवस्था केली तर यंत्राचे आयुष्य पुष्कळ वाढते. उन्हाळ्यात सकाळी काम उरकावे हे उत्तम. कूलरची ओली हवा थेट यंत्रावर येऊ देऊ नये.

दुसरा शत्रू धूळ. कापसाच्या मुलखात धुळीबरोबर कापसाचा सूक्ष्म तंतूही उडतो. तो आतल्या पंख्यावर व पात्यांवर नमद्यासारखा बसतो, हवा कोंडते आणि यंत्र तापून आपोआप बंद पडते. डेस्कटॉपची पेटी दोन मळसूत्रे काढून उघडता येते व मऊ कुंचल्याने झाडता येते. वर्षातून दोनदा, वेचणीच्या हंगामानंतर आणि पावसाळ्यापूर्वी, यंत्राची तार काढून ही सफाई करावी. लॅपटॉप उघडण्याचे काम मात्र कारागिरावरच सोपवावे.

तिसरा आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे अनियमित वीजदाब. शिवारातील पंप एकाच वेळी सुरू किंवा बंद झाले की दाब खालीवर होतो. यासाठी जोडणीस भूमिगत तार, म्हणजे अर्थिंग, नीट असणे ही पहिली गोष्ट होय. अर्थिंग नसलेल्या खोलीत महागडा संगणक बसविणे म्हणजे कुंपण न घालता पेरणी करणे होय. मेघगर्जना सुरू होताच विजेची तार आणि इंटरनेटची तार दोन्ही काढून ठेवाव्यात. एकच काढून भागत नाही.

साठवणीच्या भागाविषयीही येथेच सांगणे योग्य होईल. जुन्या पद्धतीच्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरत असते. धक्का बसला किंवा वीज अवचित गेली की तिला इजा पोहोचण्याचा संभव असतो. एस.एस.डी. या नव्या प्रकारात फिरणारा भाग नाही. ती वेगवान असून धक्के सहन करते. गावासाठी घेतलेल्या संगणकात एस.एस.डी. असावीच. रॅम आठ जीबी असावी आणि ती वाढविण्यास जागा मोकळी असावी. २०२५ च्या अखेरीस जगभर रॅमचे भाव चढले. अशा वेळी आजच्या गरजेपुरती घेऊन पुढे वाढविता येण्याची सोय ज्यात आहे तेच यंत्र हितावह ठरते.

पाच वर्षांचा हिशेब

आता खर्चाकडे वळावे. पुढील आकडे हिशेबाची रीत दाखविण्यासाठी घेतलेले आहेत; प्रत्यक्ष भाव गटाने स्वतः काढावेत.

समजा, डेस्कटॉप पडद्यासह ४०,००० रुपयांस मिळतो. यू.पी.एस. ४,००० रुपये आणि दोन-तीन वर्षांनी त्याची बॅटरी १,५०० रुपये. हे यंत्र १०० वॉट वीज घेते असे धरले तर रोज सहा तास व वर्षाला ३०० दिवस या हिशेबाने १८० युनिट होतात. युनिटला १० रुपये धरल्यास पाच वर्षांचे ९,००० रुपये झाले. दुरुस्ती ४,००० रुपये धरावी. एकूण ५८,५०० रुपये.

लॅपटॉप ४५,००० रुपयांस मिळतो असे समजू. ४० वॉटप्रमाणे वर्षाला ७२ युनिट, म्हणजे पाच वर्षांची वीज ३,६०० रुपये. एकदा बॅटरी ५,००० रुपये आणि चार्जर, कळफलक, बिजागरी मिळून दुरुस्ती ७,००० रुपये. एकूण ६०,६०० रुपये.

म्हणजे पाच वर्षांत दोहोंचा खर्च जवळपास सारखाच आला. मग निवड कशावरून करावी? ती यावरून करावी की, बिघाड झाल्यावर काम किती दिवस बंद राहते. डेस्कटॉपचा खर्च लहान लहान हप्त्यांनी येतो आणि यंत्र लवकर उभे राहते. लॅपटॉपचा खर्च एकदम येतो आणि यंत्र परगावी जाते. चरखा संघाच्या शेकडा पाचांच्या कसोटीने पाहिले तर वरील डेस्कटॉपला पाच वर्षांत दुरुस्तीसाठी १०,००० रुपयांपर्यंत मुभा आहे आणि बॅटरीसह खर्च ५,५०० रुपये येतो. लॅपटॉपची मुभा ११,२५० रुपयांची आणि खर्च १२,००० रुपये. एक आत बसतो, दुसरा किंचित बाहेर पडतो.

जुना संगणक घ्यावा काय?

ज्यांच्याजवळ भांडवल थोडे आहे त्यांच्यापुढे कंपन्यांनी वापरून काढलेला व पुन्हा दुरुस्त केलेला, म्हणजे 'रिफर्बिश्ड' डेस्कटॉप हा मार्ग आहे. तो १८,००० रुपयांस मिळाला, यू.पी.एस., तिची बॅटरी व वीज मागीलप्रमाणेच धरली आणि दुरुस्ती ८,००० रुपये धरली, तरी पाच वर्षांचा खर्च ४०,५०० रुपये होतो. शेकडा पाचांच्या कसोटीत तो बसत नाही, पण एकूण खर्चात स्वस्त पडतो. म्हणून कसोटी वापरावी, परंतु तिच्या आहारी जाऊ नये.

मात्र येथे एक मोठा धोका आहे. विंडोज १० या प्रणालीचे सर्वसाधारण संरक्षण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चालत नाही. इंटेल कंपनीचा प्रोसेसर असेल तर तो साधारणतः आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. त्यामुळे कमी भावात विकले जाणारे बरेच जुने संगणक हे वय झालेल्या बैलासारखे आहेत. शिंगांना रंग दिला म्हणून दात बदलत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स ही विनामूल्य प्रणाली चालू शकते व मराठी लेखनही तीत चांगले होते. परंतु डिजिटल स्वाक्षरीची कळ, बोटाच्या ठशाचे यंत्र आणि छपाईयंत्र तिच्यावर चालतात काय, हे पैसे देण्यापूर्वी दुकानातच लावून पाहावे. जुना संगणक घेताना पक्के बिल, किमान एक वर्षाची लेखी हमी आणि नवी एस.एस.डी. या तीन गोष्टींवाचून सौदा करू नये.

खरेदीची रीत

पुष्कळशा संस्थांत मार्चअखेर निधी संपविण्यासाठी घाईने खरेदी होते. ही घाई फार महाग पडते. किमान तीन ठिकाणांहून भाव मागवावेत आणि प्रत्येकास सारखेच प्रश्न विचारावेत : हमी किती वर्षांची? हमीच्या काळात कारागीर समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यातील गावी येणार की पेटी घेऊन आम्ही यावयाचे? सुटा भाग किती दिवसांत मिळेल? जो या प्रश्नांची उत्तरे बिलावर लिहून देतो त्याचा भाव थोडा अधिक असला तरी तोच स्वीकारणे शहाणपणाचे होय. गावातील एका तरुणास किंवा तरुणीस सफाई, यू.पी.एस.ची तपासणी व प्रणालीची देखभाल शिकवावी. त्याचा मोबदला गटाने द्यावा.

आणि शेवटी, यंत्र कितीही चांगले असले तरी ते एक दिवस बंद पडणारच हे गृहीत धरून चालावे. बियाणे ठेवणारा शेतकरी सर्व बियाणे एकाच कणगीत ठेवीत नाही. नोंदींची एक प्रत संगणकात, दुसरी दर आठवड्यास वेगळ्या डिस्कवर काढून दुसऱ्या घरी आणि तिसरी इंटरनेटवरील सुरक्षित जागेत ठेवावी. यंत्र गेले तर भांडवलातून पुन्हा घेता येते. पाच वर्षांच्या देण्याघेण्याच्या नोंदी गेल्या तर त्या बाजारात मिळत नाहीत.

तात्पर्य, ज्याचे काम मोबाईलवर होते त्याने संगणक घेऊ नये. ज्याचे काम फिरतीचे आहे त्याने मजबूत लॅपटॉप घ्यावा. आणि गटाच्या, सोसायटीच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात साधा, सर्वत्र सुटे भाग मिळणारा डेस्कटॉप यू.पी.एस.सह बसवावा, पैसा थोडा असल्यास पारखून घेतलेला जुना चालेल. ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी पुढील खरेदीपूर्वी हा विषय मासिक सभेपुढे ठेवावा, कामांची यादी व पाच वर्षांचा हिशेब फळ्यावर लिहून दाखवावा आणि ज्यांचा पैसा आहे त्या सभासदांनाच निर्णय करू द्यावा.